सासूबाईंचा ठिपका

प्रिय साडूभाऊ,

थोरल्या साडूचा सप्रेम नमस्कार पोचावा. तुमची कंबर कशी आहे? बुटाची नाडी बांधायला वाकलात आणि प्रार्थना संपेपर्यंत तसेच राहिलात, आणि पोरांना वाटलं की मुख्याध्यापक आज फारच नम्र झालेत, हे मेहुणीबाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा आम्ही मुळीच हसलो नाही. (ही हसली. मी तोंड फिरवलं.) माझं ऐका, बिननाडीचे बूट घ्या. या वयात अब्रू पायातल्या वस्तूंवर सोपवू नये. मेहुणीबाईंचा खोकला थांबला असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. हे "ठीक आहोत" मी मागच्या दोन पत्रांतही लिहिलं होतं, ते साफ खोटं होतं. आजचं खरं आहे, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र. मात्र घरी उघडलं असलंत तर असेच उठा, शाळेत जा, आणि तुमच्या खोलीचं दार लावून पुढचं वाचा.

तुम्हाला माहीत असलेलंच आधी थोडं सांगतो, कारण या घरात तुम्ही माझ्यानंतर सहा वर्षांनी आलात आणि बऱ्याच गोष्टी तुम्हाला जेवताना, दोन घासांच्या मध्ये, तुकड्यातुकड्यांनी कळल्या आहेत. आपले सासरे तीस वर्षं, मी आता नोकरीला आहे त्याच वेधशाळेत, काचेच्या पट्ट्यांवर आकाशाचे फोटो काढत होते. एवढ्या वर्षांत त्यांनी एकच लघुग्रह शोधला. मंगळ आणि गुरू यांच्या मध्ये दगडधोंड्यांचा जो पट्टा आहे, त्याच्या पार बाहेरच्या कडेला, म्हणजे गावाबाहेरच्या शेवटच्या घरासारखा, आठेक किलोमीटर रुंदीचा एक काळपट धोंडा. सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेपाच वर्षं घेतो. सासऱ्यांनी त्याला सासूबाईंचं नाव दिलं, आणि वर कुठेतरी मोठमोठ्या लोकांनी ते मान्य करून पाच आकडी क्रमांकासह यादीत छापलं. (नाव इथे लिहीत नाही. जावयाने सासूबाईंचं नाव लिहिलं म्हणून कुणी फासावर देत नाही, पण हात वळत नाही.) त्यामुळे आमच्या वेधशाळेत त्या धोंड्यालाही सगळे सासूबाईच म्हणतात. याने पुढे किती अनर्थ झाले ते येईलच.

तर गेल्या महिन्यात आईंना, म्हणजे घरातल्या सासूबाईंना, ऐंशी पूर्ण झाली. काय हवं, म्हणून आम्ही चार दिवस त्यांच्या मागे लागलो होतो. शाल नको, सहल नको, फोन तर नकोच. शेवटी म्हणाल्या, "तिला एकदा बघावं म्हणते. चाळीस वर्षं झाली." साडूभाऊ, माझी छाती केवढी फुगली असेल याची कल्पना करा. कोणत्या दिवशी दुर्बीण आकाशात कुठे रोखायची त्याचा तक्ता करणं हेच तर माझं काम. बावीस वर्षं मी परक्या लोकांसाठी तक्ते केले, आता घरच्यांसाठी करायची वेळ आली होती. शिवाय सव्वा वर्षातून एकदा ही बाई आपल्या समोर नीट येते, ती नेमकी त्याच महिन्यात येत होती. संचालकांनी एक संध्याकाळ दिली. दुपारी मी ऑफिसातून हिला फोन केला, म्हटलं वडिलांच्या वहीत बघून क्रमांक सांग. (तुम्ही म्हणाल, बावीस वर्षं तिथे नोकरी आणि सासूबाईंचा क्रमांक पाठ नाही? मला स्वतःच्या स्कूटरचा नंबर पाठ नाही.) हिने पहिले तीन आकडे सुटे सांगितले आणि शेवटचे दोन जोडीने. पासष्ट. आता आपल्या भाषेत पासष्ट म्हणताना पाच आधी येतो आणि साठ मागून. माझा हात कानाच्या हुकमात चालतो. पाच ऐकला, पाच लिहिला. सहा मागून आला, तो मागे लिहिला. झाले छप्पन्न. इतकी वर्षं मुलांना तुम्ही अंक शिकवता, ही भाषेची खोडी कुणाच्या कधी लक्षात आली नाही का?

त्या संध्याकाळी घुमटाखालच्या छोट्या खोलीत आम्ही सगळे दाटीवाटीने बसलो. दोन पडदे, एक हीटर, आणि गादी फाटलेली एक खुर्ची, ती आईंना दिली. दुर्बीण चालवणारा आमचा ऑपरेटर (याला सगळे घुबड म्हणतात, आणि त्याला ते आवडतं) इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. तासाभराच्या अंतराने दोन फोटो काढले आणि पडद्यावर आलटूनपालटून दाखवले. सगळे तारे जागच्या जागी आणि मध्येच एक बारीक ठिपका टुणकन इकडून तिकडे. मी ओरडलो, "ते बघा आई, तुम्ही!" टाळ्या पडल्या. संचालकांनी फुलं दिली. आईंनी डोळ्यांना रुमाल लावला, म्हणाल्या, "छान आहे हो." हिने तर मला सगळ्यांसमोर दंडाला धरलं, जे आमच्या लग्नातही घडलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी ते दोन फोटो वर-खाली छापले, ठिपक्यांभोवती लाल वर्तुळं काढली, आणि दोन चौकटी करवून घेतल्या. एक आईंच्या खोलीत, सासऱ्यांच्या फोटोच्या अगदी शेजारी. दुसरी तुम्हाला पाठवली, ती तुम्ही मोठ्या अभिमानाने शाळेच्या जिन्यासमोर लावलीत.

आठवड्याने मला दुर्बुद्धी सुचली. म्हटलं, चौकटीखाली माहितीची एक सुबक चिठ्ठी लावू. अंतर, आकार, सूर्याभोवतीचा काळ. तक्ता उघडला तर काळ साडेतीन वर्षं. वहीत सासऱ्यांच्या अक्षरात साडेपाच. मला आधी वाटलं, सासऱ्यांची चूक झाली. (अशी माझी अक्कल.) मग वहीतला क्रमांक पाहिला, माझ्या कागदावरचा पाहिला, आणि पुढ्यातला चहा तसाच गार झाला. छप्पन्न नंबरचा धोंडा बाहेरच्या कडेचा नव्हेच, पट्ट्याच्या आतल्या अंगाचा. त्याला नाव होतं कुठल्याशा दूरदेशीच्या भूगर्भशास्त्रज्ञाचं. मी त्यांचा फोटोही शोधून काढला. एवढ्या मिशा मी आयुष्यात पाहिल्या नाहीत, नाकाखालून निघून कानांपर्यंत सरळ. साडूभाऊ, गेले आठ दिवस आपल्या सासूबाईंच्या भिंतीवर, आपल्या सासऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून, एक परका मिशाळ पुरुष लटकत होता!

पुढचे तीन आठवडे कसे गेले ते माझं मला माहीत. आई राहतात वरच्या मजल्यावर. रोज सकाळी मी त्यांना वर्तमानपत्र द्यायला जिना चढायचो, आणि दाराशी पोचेपर्यंत आतून आवाज यायचा, "कशी आहेस गं?" हे त्या चौकटीला. मिशाळ भूगर्भशास्त्रज्ञाला "कशी आहेस गं"! माझ्या घशाखाली घास उतरेना. हिने मला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबून विचारलं, नेमकं कुठे दुखतं? म्हटलं, शेवटच्या दोन आकड्यांत. (असं म्हणालो नाही, पण ओठांपर्यंत आलं होतं.) त्यांनी चालायला सांगितलं, म्हणून रोज ही मला चालवायला नेऊ लागली, आणि वाटेत भेटेल त्याला आईच्या वाढदिवसाची गोष्ट सांगू लागली. सांगून टाकावं असं दहादा मनात आलं. पण ऐंशी वर्षांच्या बाईला काय सांगणार, की चाळीस वर्षांनी तुम्ही ज्याला पाहून रडलात तो दुसराच कोणी होता?

शेवटी मी घुबडाला विश्वासात घेतलं. हळू आवाजात म्हटलं, "अरे, आपण त्या दिवशी चुकीच्या सासूबाई दाखवल्या. खऱ्या सापडेपर्यंत मला झोप नाही." दुर्दैवाने संचालक मागून येत होते. ते थबकले. "सासूबाई सापडत नाहीत? कधीपासून?" मी गोंधळून म्हणालो, "महिना होत आला सर." "आणि तुम्ही तक्ते करत बसलात? पोलिसांत कळवलंत का?" त्यांची समजूत घालायला अर्धा तास गेला, आणि तेवढ्यात ही बातमी हिशेबखात्यापर्यंत पोचून तिथल्या एका बाई माझं सांत्वन करायला आल्या. असो. घुबड भला माणूस. इतरांच्या कामातून दिवसाला तास-सव्वा तास चोरून द्यायला तयार झाला. पहिल्या संध्याकाळी ढग. दुसऱ्या संध्याकाळी ढग नव्हते, पण घुमटाचं दार अर्ध्यावर अडकलं आणि आम्हाला नेमकी नको ती अर्धी बाजू दिसत राहिली. तिसऱ्या संध्याकाळी क्रमांक एकेक आकडा बोटाने दाबून, तीन वेळा ताडून घातला. फोटो आले. ठिपका होता. पहिल्यापेक्षा फिका, आणि तासाभरात इतका थोडा सरकलेला की घुबड म्हणाला, "साहेब, या बाई चालतात की उभ्या आहेत?" मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

नवे फोटो छापले, लाल वर्तुळं काढली, हुबेहूब तशीच चौकट केली. बेत साधा होता. गुरुवारी आई तीन ते पाच वाचनालयात असतात. ही ऑफिसात. मी रजा काढून, चौकट वर्तमानपत्रात गुंडाळून वर गेलो आणि स्टुलावर चढलो. आता त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे हे मला ठाऊक होतं, पण कोणता ते ठाऊक नव्हतं. मिशाळाची चौकट काढायला गेलो तर खिळाच बाहेर आला, खिळ्याबरोबर पोळीएवढा गिलावा आला, आणि त्या धक्क्याने शेजारचे सासरे एका कोपऱ्यावर लोंबू लागले. मी त्यांना झेलून डाव्या काखेत घेतलं. उजव्या हातात भूगर्भशास्त्रज्ञ. नवी चौकट पडू नये म्हणून तिची दोरी दातांत धरली. अशा अवस्थेत, खाली पाय टाकायला जागा शोधत मी डुलत असताना दार उघडलं. वाचनालय पुस्तकांच्या मोजणीसाठी बंद होतं.

"कोण आहे?" आईंनी दारातूनच विचारलं.

"नी," मी म्हणालो. (दातांत दोरी असताना "मी" म्हणून पाहा.)

त्यांनी आधी माझ्या काखेतून सासऱ्यांना सोडवलं, मग मला. खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. माझ्या केसांत चुना, मांडीवर दोन चौकटी. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. म्हटलं, "आई, भिंतीवर होतात त्या तुम्ही नव्हेत."

"मग कोण?"

"एक गृहस्थ आहेत."

आणि मग बांध फुटला. पासष्ट, छप्पन्न, साडेतीन वर्षं, मिशा, डॉक्टर, घुमटाचं दार, सगळं एका दमात ओकलो. आईंनी शेवटी एवढंच विचारलं, "कुठल्या अंगाचे हे गृहस्थ? पट्ट्याच्या आतल्या की बाहेरच्या?" मी म्हटलं, आतल्या. तशा त्या जे हसायला लागल्या, ते थांबेनातच. म्हणाल्या, "अहो जावईबापू, मला तर पहिल्याच दिवशी कळलं होतं. आतल्या अंगाचे चपळ असतात. आपली बाहेरच्या कडेची, संथ. तासाभरात एवढी उडी ती जन्मात मारणार नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचा चेहरा केवढा फुलला होता. माझी लेक तुमच्या दंडाला धरून उभी होती. अशा वेळी तोंड उघडू नये, एवढं ऐंशी वर्षांत शिकले आहे."

मी विचारलं, तुम्हाला इतकं बारीक कसं ठाऊक? तेव्हा जे कळलं ते तुम्हालाही ठाऊक नसणार, साडूभाऊ. तो लघुग्रह सासऱ्यांनी शोधलेलाच नाही! दोन काचेच्या पट्ट्या आलटूनपालटून दाखवणारं एक यंत्र तेव्हा असायचं. त्यात डोळा घालून तासन् तास बसायचं आणि हललेला ठिपका हुडकायचा. सासऱ्यांना त्यात दहा मिनिटं पाहिलं की गरगरायचं, ओकारी यायची. म्हणून पट्ट्या ते काढायचे आणि मुली शाळेत गेल्या की पाहायच्या आई. अकरा वर्षं, बिनपगारी, कुणाला न सांगता. एका मंगळवारी त्यांना तो ठिपका दिसला. सासऱ्यांचा आग्रह होता की शोध तुझ्या नावावर लिहू. आईंनी चौकशी केली, तर नियम असा की शोधणाऱ्याला स्वतःचं नाव देता येत नाही. मग दोघांनी बसून वाटणी केली. कागदावर शोधणारे ते, आणि नाव आईंचं. "मला नाव हवं होतं," आई म्हणाल्या. "शोधणाऱ्यांच्या याद्या लांबलचक असतात, कोण वाचतो? धोंडा तेवढा आपल्या नावाने फिरत राहतो." इतकी वर्षं घरात आपण ऐकत आलो की सासऱ्यांनी बायकोवरच्या प्रेमाने नाव दिलं. प्रेम होतंच, साडूभाऊ. पण धोंडा तिचाच होता.

काय सांगू तुम्हाला, मी जिना उतरून खाली आलो तो सरळ स्वयंपाकघरात गेलो आणि पातेल्यात होतं नव्हतं ते उभ्याउभ्या खाल्लं. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात. लोकांचे धोंडे हाताएवढे असतात, माझ्यावर किती किलोमीटरचा होता ते वर लिहिलंच आहे. काल संध्याकाळी आईंना पुन्हा घुमटाखाली घेऊन गेलो, फक्त त्या, मी आणि घुबड. ना फुलं ना टाळ्या. पडद्यावर खऱ्या सासूबाई लावल्या. आई बराच वेळ मान पुढे काढून पाहत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "हं. हीच. चाल बदललेली नाही." घुबडाने नाक शिंकरलं. मी कुणाला न दिसेल असं काचेतून बाहेर पाहिलं, पण बाहेर काळोख असल्यामुळे काचेत मीच दिसलो, आणि मी रडत होतो. आज सकाळी भिंतीला गिलावा केला, चौकट लावली, स्टुलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला. मन कसं धुऊन वाळत घातल्यासारखं हलकं झालं आहे. तुम्हीही प्रकृतीला जपा, पोरांना आशीर्वाद सांगा.

तुमचा,
थोरला साडू

ता. क. लिहायचं मुख्य तेच राहिलं. तुमच्या शाळेच्या जिन्यासमोर अजून भूगर्भशास्त्रज्ञच आहेत. सोबत योग्य फोटो पाठवतो आहे, तो चौकटीत सरकवून घ्या, पण सुटीच्या दिवशी आणि स्वतः. दर सोमवारी प्रार्थनेनंतर तुम्ही मुलांना "पाहा, आमच्या सासूबाई कशा चपळ" म्हणून सांगता असं ऐकतो. ते आता हळूहळू, एकेका सोमवारी थोडं थोडं, संथ करत आणा.

आणखी ता. क. हिला यातलं अक्षर ठाऊक नाही. क्रमांक फोनवर हिनेच सांगितला असल्यामुळे दोष कुणाचा यावर आमचं उरलेलं आयुष्य जाईल. म्हणून मेहुणीबाईंनाही सांगू नका. त्यांना एक वाजता कळलेली गोष्ट हिला पाऊण वाजता कळते. पत्र पोस्टात टाकायला आईंकडेच देतो आहे, म्हणजे चिंता नाही.

*

धाकटे जावईबापू, अनेक आशीर्वाद. पाकिटाला डिंक कमी लागला होता, म्हणून उघडून पुन्हा चिकटवण्याआधी मागच्या कोऱ्या बाजूवर मी चार ओळी लिहिते. अक्षर मोठं येतंय, चालवून घ्या. थोरल्यांनी लिहिलंय ते सगळं खरं आहे, एक सोडून. मला त्या पहिल्या दिवशी काहीएक कळलं नव्हतं. कारण मला काही दिसलंच नव्हतं. कालही दिसलं नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजवा पार पिकलाय. भिंग धरलं की अक्षर लागतं, पण काळोखातला ठिपका नाही. सगळे टाळ्या वाजवत होते म्हणून छान आहे म्हटलं. गुरुवारी त्यांनी आतल्या अंगाचा म्हणून सांगितलं, आणि आतले चपळ असतात हे मी झोपेतही सांगेन, त्याला बघावं लागत नाही. चुन्याने माखून लेकरासारखे बसले होते, दुसरं काय बोलणार होते मी?

तुमच्या गावात डोळ्यांचं मोठं इस्पितळ आहे ना, तिथे माझं नाव नोंदवून ठेवा. मी हवापालटाला येते असं इकडे सांगेन. लेकींना आत्ताच कळवू नका, दोघी मिळून मला काचेच्या कपाटात ठेवतील. ती परत समोर यायला सव्वा वर्ष आहे, तोवर दोन्ही डोळे झाले पाहिजेत. मला तिला एकदा खरंच बघायचंय.

आणि थोरल्यांना यातलं चुकूनही बोलू नका. आत्ता दुपारचे अडीच वाजलेत आणि खालच्या मजल्यावरून त्यांच्या घोरण्याचा आवाज इथवर येतोय. इतकं निवांत घोरणं या घरात महिनाभर कुणी ऐकलं नव्हतं. मी जिना पाय न वाजवता उतरते आणि पत्र टाकून येते.